चार तोंडांची गाडी

मंगळवारी नंदुरबारहून परत येताना गाडी सात वेळा बंद पडली. सातव्या वेळी आमच्याच गल्लीच्या कोपऱ्यावर. शेजारच्या दोघांनी ढकलत दारापर्यंत आणली. आबांना धरून ओसरीवरच्या खाटेवर बसवलं. त्यांनी शालीखालून हात काढला, सुया टोचलेल्या जागेवरची पट्टी बघितली, आणि पाणी मागावं इतक्या सहज म्हणाले,

"बाई, शुक्रवारले मी येवाव नही."

"म्हंजे?"

"म्हंजे येवाव नही. गाडी बी थकनी, मी बी थकनू. ऱ्हाऊ दे आते."

आबा म्हणजे माझे वडील. होळीच्या सुमारास त्यांच्या किडन्यांनी काम सोडलं. तेव्हापासून दर मंगळवारी आणि शुक्रवारी नंदुरबारला डायलिसिस, चार-चार तास मशीनवर. डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, की या माणसाची एकही खेप चुकवायची नाही. त्यामुळे "ऱ्हाऊ दे" म्हणजे काय ते मला कळलं. दारात उभ्या असलेल्या मायलाही कळलं. ती आत गेली आणि बराच वेळ एकच पातेलं घासत बसली.

दुसरी गाडी नव्हती का, असं कोणीही विचारेल. होती. चुलतभावाची जीप होती. एप्रिलमध्ये एकदा तिच्यातून गेलो, येताना आबांना सीटवरच उलटी झाली. भाऊ एक शब्द बोलला नाही, पण आबा पुन्हा त्या जीपमध्ये बसले नाहीत. बसने नेलं तर परतीच्या उभ्या गर्दीत त्यांचं ब्लडप्रेशर खाली येतं. "मन्ही अंडेरनी गाडी शे, तिन्हामा मी बठसू," असं त्यांनी ठरवून टाकलं होतं. लेकीच्या गाडीत उलटी झाली तरी ती घरातली गोष्ट. आता ती गाडीच चालत नव्हती, आणि ती तशी व्हायला मी जबाबदार होते.

आमच्या घरात कॉलेजात जाणारी मी पहिली, मुलगे धरून. लोणखेड्याच्या अलीकडे आमचं गाव, चार पिढ्या शेती. मी मेकॅनिकल इंजिनिअर झाले, वर्गात साठ मुलांत आम्ही तीन मुली. नंदुरबारच्या एका तंत्रनिकेतनात शिकवते, रोज जाऊन-येऊन. लोक म्हणतात ही सारखी डिग्री ऐकवते. ऐकवतेच. मिळवली आहे मी ती.

गाडी जुनी, चार सिलिंडरची पेट्रोल सेडान. दोन उन्हाळ्यांपूर्वी, आबा ठणठणीत असताना, मी तिचं इंजिन वरून उघडलं. साध्या गाडीत चारही सिलिंडर एकाच तोंडाने हवा घेतात. मी ते एक तोंड काढून टाकलं आणि प्रत्येक सिलिंडरला त्याचं स्वतःचं तोंड दिलं. सुरतच्या भंगार बाजारातून एका मोडक्या चार सिलिंडरच्या बाइकचे चार थ्रॉटल, म्हणजे हवा कमी-जास्त करणाऱ्या नळ्या, आणले, त्यांच्यासाठी जोडपट्टी खराद्याकडून करून घेतली, इंधन किती सोडायचं हे ठरवणारा सुटा कंट्रोलर बसवला आणि तो लॅपटॉपवरून जुळवला. पाच महिने लागले. पाय ठेवला की गाडी अशी उठायची की आबा हसून डॅशबोर्डला हात टेकायचे. एका तोंडाचा तो मूळ मॅनिफोल्ड मी भंगारात देऊन टाकला. परत लावायची वेळ येईल असं मनातसुद्धा आलं नाही. त्या मॅनिफोल्डची आठवण मी गाडी बिघडल्यावर किती वेळा काढली ते मलाच माहीत.

वर्षभर गाडी घड्याळासारखी चालली. पावसात, चाळीसच्या वर उन्हात, प्रकाशा गावाजवळच्या तापीच्या पुलावर तासभर अडकून. मग दसरा झाला, आणि दुसऱ्या दिवसापासून ती उभ्या जागी थरथरायला लागली. सिग्नलला, फाटकाला, म्हशी आडव्या आल्या की बंद. ॲक्सिलरेटर दाबून ठेवला तर चालू राहायची, पण गचके द्यायची. डायलिसिसनंतरच्या माणसाला गचका म्हणजे काय असतो, ते शेजारच्या सीटवर बघावं लागतं. आबा डाव्या हाताने दारावरची कडी धरायचे आणि उजवा, सुयांचा हात, शालीत पोटाशी दाबायचे. कधी कण्हले नाहीत. एकदा फक्त म्हणाले, "बैलगाडीमा बी असा दचका नही बसत व्हता." ते हसले म्हणून मीही हसले.

थ्रॉटल जुळवणं म्हणजे काय ते साध्या शब्दांत सांगते. प्रत्येक नळीत एक गोल पाती असते. पाय उचलला की चारही पात्या मिटतात, आणि पातीच्या बाजूने एक बारीक वाट असते, तिच्यातून इंजिनाला जगण्यापुरती हवा मिळते. त्या वाटेवर एक स्क्रू असतो. चौघांनी सारखी हवा ओढली तर इंजिन शांत. एकाने कमी ओढली तर बाकीचे तिघे त्याला फरफटत नेतात.

माझ्याकडे महागडं मीटर नव्हतं. गवंडी भिंतीची लेव्हल बघायला पारदर्शक नळी वापरतात, तसली नळी घेऊन तिच्यात निम्म्यापर्यंत तेल भरलं आणि फळीवर यू आकारात ठोकली. एक टोक पहिल्या थ्रॉटलच्या व्हॅक्यूमला, दुसरं टोक दुसऱ्याच्या. जिथे हवा कमी येते तिथे पोकळी जास्त, आणि त्या बाजूला तेल चढतं. पहिला आणि दुसरा सारखे होते. पहिला आणि चौथा सारखे. पहिला आणि तिसरा लावले की तेल तिसऱ्याकडे सरसरत वर जायचं. म्हणजे तिसऱ्याला हवा कमी मिळत होती.

मी तिसऱ्याचा स्क्रू उघडत गेले. तेल हललं नाही. पूर्ण उघडला. नाही हललं. मग जे करायला नको ते केलं. तिसऱ्याची पातीच केसभर उघडून ठेवली. तेल बरोबर मधोमध आलं, गाडी उभ्या जागी गुणगुणायला लागली, आणि मी मायला हाक मारून दाखवलं. रस्त्यावर नेली तर पाय ठेवताच गचके, कारण आता दाबल्यावर तिसरा थ्रॉटल बाकीच्यांच्या पुढे पळत होता. पाती परत मिटवली की रस्त्यावर जरा बरी आणि फाटकाला बंद. तीन आठवडे मी या दोन टोकांमध्ये हेलपाटे घालत होते. कॉलेजवरून आले की बॉनेट वर. गॅस्केट बदललं. इंजेक्टर अदलाबदल केले. लॅपटॉपवर तिसऱ्या सिलिंडरचं इंधन कमी केलं, वाढवलं, पुन्हा कमी केलं. एकेक दुरुस्ती करताना आधीची जुळवणी मोडत गेली, आणि शेवटी मूळची जुळवणी काय होती तेच मला आठवेना.

ती बारीक वाट तुंबली असेल, हे पहिल्याच दिवशी डोक्यात यायला हवं होतं. माझ्या वर्गातल्या कोणीही सांगितलं असतं. पण ते थ्रॉटल बसवण्याआधी मी स्वतः पेट्रोलमध्ये धुतले होते, स्वतः हवा मारली होती, आणि वर स्पंजचे फिल्टर होते. माझ्या हातून धुतलेल्या वस्तूत घाण असूच शकत नाही, हे मी न तपासता खरं धरलं होतं.

आमच्या समोरचे काका रोज संध्याकाळी तंबाखू मळत येऊन उभे राहायचे.

"कॉलेजमा हाईच शिकाडं का वं तुले?"

"हाईच शिकाडं, काका."

"चार तोंडं देई ठेवात, तरी एक बी बोलस नही!" आणि स्वतःच हसायचे.

एरवी मी त्यांना तिथल्या तिथे परतवलं असतं. त्या दिवसांत मी मान वर करत नव्हते. राग मायवर निघायचा. ती चहा घेऊन आली की मी म्हणायचे, "इथे ठेवू नकोस. हात लावू नकोस कशाला. लांब राहा." चिडले की मी घरची बोली सोडून शुद्ध मराठी बोलते. घरात सगळ्यांना ते ठाऊक आहे, आणि मी शुद्ध बोलायला लागले की माय तिथे थांबत नाही.

तर मंगळवारी आबा "ऱ्हाऊ दे" म्हणाले. बुधवारी मी रजा टाकली. दिवसभर तेलाची नळी, स्क्रू, लॅपटॉप. दुपारी माय आबांजवळ बसून हळू आवाजात काहीतरी समजावत होती. ते ऐकू येऊ नये म्हणून मी इंजिन चालू ठेवलं. ते आपोआप बंद पडलं, आणि मायचं वाक्य उघडं राहिलं: "...तिन्हासाठी तरी चला ना."

आबा म्हणाले, "तिन्हासाठीच तं नही म्हनस मी. पोरगी दख ना कशी व्हई गयी. कॉलेज सोडी घरमा बठनी."

मी पाना खाली ठेवला. तो वाजू नये म्हणून हळूच ठेवला, ते आठवतं.

गुरुवारी सकाळी मी पार थकले होते. एकच विचार उरला होता: नवं काही करायचं नाही, दसऱ्याच्या आधी स्क्रू जिथे होते तिथे परत न्यायचे. पहिली जुळवणी केली तेव्हा मी प्रत्येक स्क्रूवर आणि त्याच्या शेजारी लाल नेलपॉलिशचा एकेक ठिपका दिला होता, जागा हलली तर कळावी म्हणून. तीन आठवड्यांच्या हाताळणीत आणि पेट्रोलच्या फडक्यात ते ठिपके पुसून गेले होते. पण फोटो असेल. दसऱ्याचा फोटो होता. मी स्टेटसला ठेवला होता तो.

दसऱ्याच्या सकाळी आमच्याकडे अवजारांची पूजा असते. विळे, कुऱ्हाडी, फवारणीचा पंप, सगळं अंगणात धुऊन मांडतात. त्या वर्षी मी म्हटलं, इंजिनाची पण होऊ दे. आदल्या दिवशी स्पंज धुऊन वाळत घातले होते, त्यामुळे चारही नळ्यांची तोंडं उघडी, चकचकीत दिसत होती. मला ती तशीच फोटोत हवी होती. मीच मायला बोलावलं, मीच म्हटलं, "माय, हाई मन्ही खरी डिग्री शे. हिन्ही पूजा कर." तिने पदर डोक्यावर घेतला आणि ताट आणलं. मी फोटो काढला, पन्नास जणांनी अंगठ्याची इमोजी पाठवली, आणि पूजा झाल्यावर मी स्पंज चढवून बॉनेट लावलं.

मी फोटो बोटांनी मोठा केला. पहिल्या थ्रॉटलची खूण दिसली. दुसऱ्याची दिसली. तिसऱ्याकडे सरकवला तर तिथे लाल ठिपके जास्त होते. मी इतके दिलेच नव्हते. काही तर नळीच्या आत होते. अजून मोठा केला. फुटून चौकोन चौकोन झालेल्या त्या चित्रात कुंकवात भिजलेले तांदूळ होते. अक्षता. चारही तोंडांत होत्या, पण तिसऱ्यात त्या नळीच्या तळाशी, बरोबर त्या बारीक वाटेच्या भोकाजवळ एकत्र चिकटून बसल्या होत्या.

तीन आठवडे हा फोटो माझ्या खिशात होता.

स्क्रू काढला. वरून वाट स्वच्छ दिसत होती. अशी वाट साफ करायला गिटारची बारीक तार लागते, ती शेजारच्या भजनी मंडळात मिळणार नव्हती, म्हणून जुन्या क्लचच्या केबलमधला एक धागा सोडवला आणि वळणापाशी ढकलला. अडला. फिरवला, ढकलला, ओढला. पिवळट लाल राड निघाली, हळदीची आणि कुंकवाची, आणि तिच्या मागून फुगून मऊ झालेला एक दाणा, मग अर्धा दाणा. बाकीच्या तीन तोंडांतले दाणे इंजिनाने कधी गिळले आणि जाळले ते कळलंही नसेल.

माय मागे उभी होती. चहा घेऊन, लांब. मी सांगितलं होतं तितक्या लांब.

"काय निंघनं?"

मी तळहात मिटला. मला "कचरा" म्हणायचं होतं. खरंच म्हणायचं होतं. पण मी तीन आठवडे झोपले नव्हते, आणि तोंडातून निघालं ते शुद्ध मराठीत.

"इंजिनाला कोणी तांदूळ भरवतं का?"

ती पुढे आली. तिने माझी मूठ स्वतःच्या हाताने उघडली. लहानपणी मी माती खाल्ली की अशीच उघडायची. दाणा बघितला.

"तोंड उघडं व्हतं ना वं," ती म्हणाली. "चारी तोंडं उघडी व्हतीत. पूजा करीसन कोनं तोंड रिकामं ठेवस का कोनी? मी तिले सांगं, याले सुखरूप लई जाय, लई ये."

तिले म्हणजे गाडीला, याले म्हणजे आबांना. मग तिच्या चेहऱ्यावर तो हिशोब जुळत गेलेला मी बघितला: दसरा, गाडी, मंगळवार, "ऱ्हाऊ दे". तिचा हात माझ्या मुठीवरून गळून पडला.

"म्हंजे मी करं हाई?"

मी पटकन म्हटलं, "नही माय. मीच बोलाई तुले. मीच तोंडं उघडी ठेईसन फोटो काढा." हे खरं होतं. पण खरं असूनही उशिरा निघालं होतं, आणि तिने ते ऐकलं की नाही कोण जाणे. चहा गाडीच्या छतावर ठेवून ती आत गेली. मी हाक मारली नाही, कारण शुक्रवारला एकच दिवस होता आणि माझ्यासमोर चार थ्रॉटल विस्कटून पडले होते.

त्या दिवशी फोटोवरून एकेक खूण परत जागेवर आणली. पेट्रोलने चारही वाटा धुतल्या, हवा मारली, यावेळी दुसऱ्या बाजूला बोट धरून हवा येते का ते तपासलं. मग तेलाची नळी लावली, पहिला आणि तिसरा. तेल थोडं हललं, आणि मधोमध थांबलं. दुसरा, चौथा. थांबलं. पाय दिला, सोडला. चौघे एकत्र चढले, एकत्र उतरले. मी आनंदाने ओरडले नाही. चाक धरून नुसती बसून राहिले, आणि इंजिन बंद पडायची वाट बघितली. पडलं नाही.

शुक्रवारी सकाळी मी आबांसमोर उभी राहिले. "एकदाव बठा. पुलपावत. दचका बसना ते तठून परत फिरू."

त्यांनी मायकडे बघितलं. ती शाल घेऊन आधीच उभी होती. ते उठले.

साखर कारखान्याचं गाळप नुकतंच सुरू झालं होतं. प्रकाशाच्या पुलाआधी उसाच्या ट्रॅक्टरांची रांग लागलेली, दोन-दोन ट्रॉल्या एकामागे एक, आणि पुलावर एका ट्रॉलीचं टायर बसलेलं. आम्ही अडकलो. मी पाय ॲक्सिलरेटरवरून काढला. एरवी हीच जागा. हात आपोआप चावीकडे गेला, बंद पडली की फिरवायला. इंजिनाच्या फेऱ्यांचा काटा हलला नाही. पाच मिनिटं गेली, दहा गेली. खाली तापीचं पाणी संथ पसरलेलं होतं. आबांनी कडीवरून हात काढला आणि मांडीवर ठेवला. मान जरा तिरकी करून ते ऐकत होते, पूर्वी विहिरीच्या मोटारीचा आवाज ऐकायचे तसे.

"चालू शे का बंद पडनी?"

"चालू शे, आबा."

"अस्सं."

समोरच्या ट्रॉलीवरचा एक माणूस ऊस सोलून खात होता. त्याने आबांना बघितलं, एक कांडकं पुढे केलं. आबांनी हात हलवून नको म्हटलं. त्यांना आता ऊस चालत नाही, पाणीसुद्धा मोजून. मग बराच वेळ ते त्या माणसाच्या खाण्याकडे बघत राहिले.

"बाई," ते शेवटी म्हणाले, "आते तं कारन बी ऱ्हायनं नही मन्हापाशी."

मी वळून बघितलं. ते हसत नव्हते. मला वाटत होतं गाडीच्या गचक्यांमुळे ते नको म्हणत आहेत. गचके मी काढले होते. आणि जे उरलं होतं, चार तासांची ती मशीन, त्या सुया, मोजून प्यायचं पाणी, परत मंगळवार, परत शुक्रवार, ते तसंच्या तसं माझ्या शेजारच्या सीटवर बसलेलं होतं. त्यांना या गाडीने न्यायचं ठरवताना मी कधी विचारलंच नव्हतं की हे सगळं किती जड जातं. गाडीचंच विचारत राहिले.

"खूप त्रास व्हस का, आबा?"

पहिल्यांदाच विचारलं मी ते, आठ महिन्यांत.

"व्हस," एवढंच म्हणाले. थोड्या वेळाने म्हणाले, "तुन्ही मायले सांगजो नको."

टायर बदललं गेलं, पुढचे ट्रॅक्टर हलले. मी पहिला गिअर टाकला आणि क्लच इतका हळू सोडला की मागच्याने हॉर्न मारला. गचका बसला नाही. परत फिरू का असं मी विचारलं नाही, आणि आबांनीही म्हटलं नाही. पूल संपला. त्यांनी सुयांचा हात शालीखाली नीट घेतला आणि डोळे मिटले, आणि मी नंदुरबारकडे निघाले.